केबिनचं दार

कोल्हापुरात आम्हा कथा लिहिणाऱ्यांचं एक मंडळ आहे. रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी जमायचं, एकानं कथा वाचायची आणि बाकीच्यांनी चहा पीत तिची चिरफाड करायची. मंडळाचा एक नियम होता. इथं कुणाच्या तोंडून कथाबीज पडलं, की ते सगळ्यांचं. ज्याला आधी उगवून दाखवता येईल त्यानं दाखवावं. नियम आमच्यातल्या एका ज्येष्ठ कथाकारांनी केला होता. पीक बहुतेक वेळा त्यांच्याच शेतात यायचं, हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

त्या मंडळात मी माझ्या आईवरची कथा वाचली. आई इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये कांड्या भरते, म्हणजे मागाला लागणारं आडवं सूत गुंडाळून देते. मी शाळेत असताना वडिलांची पाठ गेली आणि ते अंथरुणाला खिळले. त्या काळात आईनं दोन-दोन पाळ्या केल्या. खडखडाटानं डोकं फुटू नये म्हणून ती कानात सुताचे बोळे घालायची. जेवणाचा डबा गरम राहावा म्हणून मागाच्या मोटरीवर ठेवायची. घरी येऊन वडिलांना अंघोळ घालायची आणि बसल्या जागी झोपायची. पुढं वडील उठले, कामाला लागले. कथा संपली.

ज्येष्ठांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "छान आहे. पण यात काही घडतच नाही."

काही घडत नाही! एक बाई वर्षभर दोन माणसांचं आयुष्य खांद्यावर घेऊन उभी राहते, यात काही घडत नाही. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी बाड पिशवीत घातलं आणि कसबा बावड्याला घरी आले.

दिवाळी अंक आले आणि त्यातल्या एका अंकाच्या कथास्पर्धेत ज्येष्ठांना पहिलं बक्षीस मिळालं. कथा वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुताचे बोळे होते, मोटरीवरचा डबा होता, अंथरुणावरचा नवरा होता. आयत्या बिळावर नागोबा! तेही गिळलं असतं. पण त्यांनी कथेत एकदाचं काहीतरी घडवलं होतं. शेवटी त्या बाईला पैशाची नड लागते, मालक तिला बोलावतो, ती आत जाते आणि केबिनचं दार आतून बंद होतं. परीक्षकांनी लिहिलं होतं, दाहक वास्तवाला थेट भिडणारी कथा. आजच्या कथेतलं हे वास्तव कष्टकरी बाईच्या पदरालाच कसं काय बरोबर जाऊन भिडतं, हे मला एकदा या परीक्षकांना विचारायचं आहे. यांच्या स्वतःच्या घरातल्या बायकांना कधी भिडत नाही ते.

शेडमधल्या एकीची मुलगी कॉलेजात जाते. तिनं त्या कथेच्या पानांचे फोटो काढून आपल्या आईला पाठवले आणि तिथून ते सगळ्या बायकांच्या मोबाइलवर फिरले. मोटरीवर डबा ठेवणारी बाई त्या शेडमध्ये एकच, माझी आई. आई कांड्या भरायला बसली की शेजारणीचं बोलणं थांबायला लागलं. घरी वडील काही विचारत नव्हते, आणि आईला तेच जास्त लागत होतं.

पुढच्या रविवारी ती एसटीनं कोल्हापूरला आली आणि माझ्याबरोबर मंडळात गेली. ज्येष्ठांनी उठून तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"सर, माझं नाव गेलंय. तुमी शेडात या आन् बायकांम्होरं सांगा, ह्यो शेवट मी माझ्या मनानं लिवलाय म्हणून. मला दुसरं कायबी नको."

"मावशी, अहो ती पात्रं काल्पनिक आहेत. तुमचं नाव कुठं आहे त्यात?"

"डबा माझा हाय की!"

"तुमचा राग मी समजू शकतो," ज्येष्ठ म्हणाले. "पण लेखकानं आपल्या कथेचा खुलासा करायचा नसतो. शेवट वाचकाचा असतो."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मी त्यांना चोर म्हटलं, एवढं नक्की. मंडळातल्या एकानं मला वैयक्तिक पातळीवर जाऊ नका असं सुनावलं. म्हणजे माझ्या आईला केबिनमध्ये कोंडणं हे साहित्य, आणि मी चोर म्हटलं तर ते वैयक्तिक! मंडळाची पायरी मी पुन्हा चढले नाही.

आईनं मात्र हार मानली नाही. "त्यो न्हाय येत तर तू ये," म्हणाली. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी शेडमध्ये गेले. बायका डबे उघडून गोल बसल्या होत्या. मी ती कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली. वाचताना माझाच आवाज मला नकोसा झाला होता. संपल्यावर आई उठून उभी राहिली आणि दाराकडं हात केला. मालक नेहमीसारखे बाहेर बाजेवर बसून पेपर वाचत होते.

"बघा की गं! आपल्या मालकाला केबिन हाय कुठं? जल्मभर बाजंवर बसून धंदा केला त्या माणसानं. दार कुठलं आन् बंद कुठलं?"

बायका हसल्या. मला हायसं वाटलं. मग आईच्या शेजारी इतकी वर्षं बसून कांड्या भरणारी, वडील आजारी असताना आमच्या घरी भाकरी आणून देणारी बाई आईचा हात धरून मायेनं म्हणाली, "व्हय अक्का, तू म्हंतीस तसंच असंल. पर छापून आलंय की."

आईनं हात सोडवून घेतला आणि माझ्याकडं बघितलं. लिहिणाऱ्या-छापणाऱ्यांपैकी तिथं मी एकटीच होते.