माझ्या चेडवाच्या डोक्यावरचं पाणी

"कुंड रिकामा कर," फादर म्हणाले. "माडाच्या मुळात वत. वाटेर नको, कोणाचो पाय पडात. पवित्र पाणी आसा ता."

माझी मुलगी आठ दिवसांची होती. नुकताच तिचा बाप्तिस्मा झाला होता. तिच्या डोक्यावरून ओघळलेलं पाणी त्या दगडी कुंडात अजून हलत होतं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मालवणच्या किनाऱ्यावरचं आमचं चर्च. आम्ही पाडेली, भाटकाराच्या, म्हणजे बागेच्या मालकाच्या, माडांवर चढून नारळ पाडणारे. भाटकारही ख्रिस्ती. पिढ्यांमागे दोघेही ख्रिस्ती झालो, जात बरोबर घेऊन आलो. आधी त्यांचं मूल, मग आमचं, ही रीत. त्या रविवारी भाटकाराच्या नातवाला आणायला उशीर झाला. फादरना दुसऱ्या गावी मिस्सा होती, म्हणून त्यांनी आमचं आधी उरकलं. तेवढ्यात भाटकारीण आली, ती दारातूनच ओरडत.

"ह्या पाडेल्याच्या चेडवाचा पाणी पडला त्यात! त्यात माझो नातू?"

कोणीतरी हसून म्हणालं, "चेडवान देवाचा पाणी बाटवल्यान!"

बाहेर वाडीतले लोक आम्हाला बाटगे म्हणत. ते सोसत होतो. आत, देवासमोरही तेच.

मी विचारलं, "फादर, पवित्र आसा, मगे भाटकाराच्या नातवाक कित्याक नको?"

"शाणपण नको. वत."

मी ओतलं. वाकून, तांब्यातांब्याने. ताजं पाणी आणायला विहिरीचा दोर धरला, तर चर्चच्या नोकराने तो हातातून ओढून घेतला. "तू नको रे."

घरी बायको वाट पाहत होती. बाळंतीण चर्चमध्ये येत नसे. तिने विचारलं, "सगळा बरा झाला मा?"

"होय गो."

ती या खोट्यासकट मेली. माझी मान अजून वर होत नाही ती त्यामुळे.

दोन वर्षांनी मुलगा झाला. फादरचा निरोप आला: यापुढे पाडेल्यांचे बाप्तिस्मे मंगळवारी, मागच्या दारी, पितळी परातीत. याच माणसाने आम्हा पोरांना घोकून घेतलं होतं की बाप्तिस्मा एकच असतो, त्याचा ठसा आत्म्यावरून कधी पुसत नाही. आता एकाचे दोन केले. एक दगडातला, एक परातीतला.

मी मुलाला रविवारी नेलं. कुंडावर हात ठेवून उभा राहिलो. "फादर, हयच बाप्तिस्मो देवा."

"मंगळवारी ये."

मी परत फिरलो. माझी आई रडायला लागली. बाप्तिस्म्याविना मेलेल्या पोराला स्वर्ग नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. त्या भीतीवरच तर ते आम्हाला मागच्या दारी वळवत होते. मी ओसरीवर घागर घेतली, पोराच्या कपाळावर पाणी ओतलं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. शेजारपाजार बघत होता.

संध्याकाळी फादर धावत आले. "तुका अधिकार कोणी दिल्यान?"

"जेणां तुमका दिल्यान, तेणांच. देवान."

"मरणाच्या दारात असलेल्या पोराकच असो बाप्तिस्मो देवक येता!"

"मगे परत देवा. कुंडात देवा."

दिलेला बाप्तिस्मा पुन्हा देता येत नाही, हे त्यांच्याच शिकवणुकीत होतं. अधिकार म्हणून जे काही मिरवत होते, ते माझ्या ओसरीवर सांडलं होतं. भाटकाराने मला माडांवरून उतरवलं, ते कायमचं. मी रेडीच्या खाणीवर खनिजाच्या टोपल्या उचलल्या.

आता चर्चचा मोठा उत्सव आहे. नवे तरुण फादर घरी आले. म्हणाले, जुने म्हणून व्यासपीठावर बसा, इथल्या एकोप्याबद्दल चार शब्द बोला. मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "झालं गेलं क्षमा करा."

क्षमा मागितली कोणी? आधी मागा. रविवारी, भरल्या चर्चमध्ये, भाटकाराच्या वारसांनी आणि तुम्ही, माझ्या मुलीसमोर उभं राहून. तिला मी सगळं सांगितलं आहे. तोवर तुमच्या एकोप्याला माझ्या तोंडून एक शब्द मिळणार नाही.