धुवायची राहिलेली चाळणी

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटी म्हणत. सूक्ष्मदर्शकाखाली नदीच्या वाळूतून झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण वेचायचे, हे तिचं काम. मिठाहून बारीक कण ती अलगद उचलायची. यंत्र त्यांचं वय सांगायचं. जमिनीच्या पोटातून हिरे वर आणणाऱ्या खडकाच्याच वयाचे कण वाळूत निघाले, की समजायचं, तो खडक नदीच्या वरच्या अंगाला कुठेतरी आहे.

तिच्या दादाला तोच खडक हवा होता. तरुणपणी नदीच्या गाळात त्याला तांदळाएवढा हिरा सापडला, आणि तो आला कुठून, या एकाच ध्यासाने त्याला झपाटलं. नदीला दोन ओढे मिळत. दोन्हींची वाळू पोत्यांत भरून तो बहिणीकडे आला.

ती तेव्हा चाळण्या धुवायला बसत होती. जाळीत कण अडकून राहतात, म्हणून दर नमुन्यानंतर उलट्या बाजूने ब्रश मारायचा असतो. दादा दारातून हसला.

"एवढी शिकलीस आणि शेवटी भांडीच घासतेस! ठेव ती. आधी माझी वाळू चाळ."

"थांब रे, घाई कसली?"

"मग म्हातारा होऊ का इथेच?"

तिलाही हसू फुटलं. हातातली चाळणी तिने नुसती आपटून झटकली आणि उजव्या ओढ्याची वाळू तिच्यात ओतली.

त्या वाळूत हव्या त्या वयाचे कण निघाले. दादाने तिला उचलून गरागरा फिरवलं. मग तो त्या ओढ्यावर जाऊन काठ खणत राहिला, आणि एका सकाळी काठच त्याच्या अंगावर कोसळला.

सुतक संपवून ती कामावर परतली. तीच चाळणी सहज उजेडाकडे धरली, तर जाळीत कण चमकत होते. दादाच्या वाळूआधी त्याच चाळणीतून हिऱ्याच्या खाणीतली माती गेली होती. तिने ते कण काढून तपासले. वय तेच. उजव्या ओढ्याची उरलेली वाळू धुतलेल्या चाळणीने पुन्हा चाळली. तसला एकही कण निघाला नाही.

चाळणी घेऊन ती दादाच्या घरी गेली, तर वहिनी दादाच्या फावड्याला नवा दांडा बसवत होती.

"उद्यापासून मी जाते. त्यांचं अर्धवट राहिलेलं कुणीतरी पुरं करायला हवं ना!"

गप्प बसणं सोपं होतं. पण तो ओला काठ अजून ढासळत होता.

"वहिनी, तिथे काही नाही. ते कण दादाच्या वाळूतले नव्हतेच. माझ्या चाळणीत आधीचे अडकले होते. मी ती धुतली नव्हती."

वहिनीचे हात थांबले. मग तिने चाळणी घेतली, खिडकीकडे धरली आणि एक डोळा मिटून पाहिलं.

"ही तर स्वच्छ आहे गं."

"आता धुतली, वहिनी."

"आता," वहिनी म्हणाली, आणि फावड्याचा दांडा ओढून काढू लागली. तो पक्का बसला होता. निघेना.