लिंबू, मीठ आणि मंडळाची पायरी

मंदाकिनी मोहित्यांच्या घरात पिळलेलं लिंबू कधी थेट कचऱ्यात गेलं नाही. जयपूरच्या जड पाण्यानं नळांवर पांढरी पुटं चढतात. त्यांच्या सोडाला भागातल्या बाकीच्या बाया ती सुरीनं खरवडत बसत, आणि मंदाकिनीबाई अर्धं लिंबू नळाच्या तोंडाला टोपीसारखं बसवून, वर रबर लावून, खुशाल दूरदर्शनवरच्या बातम्या बघत. तासाभरानं फडकं फिरवलं की नळ दुकानातून आणल्यासारखा. केळ्याच्या साली, संत्र्याच्या साली, डाळिंबाची टरफलं, सगळ्यांना त्यांच्या घरात नोकरी होती.

हे शहाणपण काही पुस्तकातलं नव्हतं. कोरेगाव तालुक्यातली ही मुलगी एकोणिसाव्या वर्षी शिपाई मनोहर मोहित्यांच्या मागे ट्रंक घेऊन निघाली आणि पुढची सव्वीस वर्षं लष्करी क्वार्टर्समधून फिरली. उधमपूरला सफरचंदं मुबलक, तेव्हा त्यांच्या साली पाण्यात उकळून काळवंडलेली ॲल्युमिनियमची पातेली उजळवली. पठाणकोटला ऐन परेडच्या सकाळी बुटाचं पॉलिश संपलं, तेव्हा केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूनं बूट घासून वर फडकं मारलं. साहेब रांगेतून जाताना थांबले आणि कुठलं पॉलिश म्हणून विचारलं. मनोहररावांनी ताठ उभं राहून "केळं, साहेब" असं सांगितलं. ही गोष्ट मनोहरराव सुभेदार होऊन निवृत्त झाले तरी सांगत असत, आणि बाई प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या खूश होत.

निवृत्तीनंतर दोघं जयपूरलाच राहिले. आदर्श नगरात मराठी मंडळाचा छोटा हॉल आहे. बारा वर्षांपूर्वी तिथे संगमरवरी गणपती बसवला, अडीच फुटांचा, देवरामजी नावाच्या मूर्तिकारानं घडवलेला, आणि पुढे पांढरी रुंद पायरी. तेव्हापासून चतुर्थीआधी मंडळाची पितळी भांडी उजळवायचं काम मंदाकिनीबाईंचं. कमरेएवढ्या दोन समया, घंटा, ताम्हण, कलश. भांड्यांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या जुडग्यात असे. कुणी ठराव करून दिली नव्हती, पण मागायची कुणाची छातीही नव्हती. मुलं परदेशी, नातवंडं फोनवर इंग्रजीत बोलणारी. वर्षातून चार दिवस या शहरातली मराठी माणसं आपली वाट बघतात, हे त्या किल्लीमुळे बाईंना ठाऊक होतं.

एका गोष्टीवर मात्र त्यांचा कायमचा राग होता. ती पायरी. तीन वर्षांत तिची चकाकी गेली आणि मधोमध धुरकट डाग पडले. दगड निवडायला मकराण्याच्या संगमरवरी खाणींवर गेले होते सदाशिवराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, मान खाली घालून बोलणारे गृहस्थ. बाईंनी त्यांना फाडूनच खाल्लं. नवीन कुणी मंडळात आलं की ओळख करून देताना त्या सांगत की हा गणपती देवरामजींचा, म्हणून आरशासारखा आहे, आणि ही पायरी सदाशिवरावांची, त्यांना व्यापाऱ्यानं हलका दगड गळ्यात मारला. सदाशिवराव "असेल बुवा" म्हणत आणि चष्मा पुसत.

यंदा मंडळाचा सचिव झाला निलय. पुण्याचा, इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, हुशार आणि भारी घाईचा. जुन्या लोकांचं ज्ञान नव्या लोकांपर्यंत पोचवायचं त्यानं मनावर घेतलं. बाईंच्या घरी येऊन, त्यांच्या हातचा चहा पिऊन, मोबाइल पुढे धरून बोला म्हणाला. बाई अकरा मिनिटं बोलल्या. कशाला चिंच, कशाला लिंबू, मीठ किती, किती वेळ ठेवायचं, कुठे चुकूनही लावायचं नाही. त्यातून निलयनं एक रंगीत चित्र बनवून मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. त्यावर लिंबाचा फोटो होता आणि लिहिलं होतं: लिंबू अधिक मीठ, कोणताही डाग गायब. खाली ठसठशीत अक्षरात मंदाकिनीकाकू.

ते चित्र शर्वरीनं पाहिलं. शर्वरी लष्करी स्टेशनवर नवीनच आलेल्या एका हवालदाराची बायको, सांगलीकडची. तिच्या माहेरी सणाआधी देव घासून लख्ख करायची रीत. देवघरातले देव पितळेचे, ते लिंबामिठानं घासायचे, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. मंडळात आपलाही हातभार लागावा म्हणून ती शनिवारी दुपारी डझनभर लिंबं घेऊन हॉलवर आली आणि तिनं मोठ्या भक्तीनं गणपतीला मस्तकापासून पायांपर्यंत लिंबूमीठ चोळलं. धुतल्यावर मूर्ती वाळली, तेव्हा गणपतीचा चेहरा पिठासारखा पांढुरका झाला होता. सोंडेवरून ओघळ उतरले होते. 

चतुर्थीला पाच दिवस. रविवारी सकाळी हॉलवर सगळे जमले. मंदाकिनीबाई आत शिरल्या आणि बोलणं थांबलं, तेव्हाच त्यांना कळलं की बोलणं आपल्यावरच चाललं होतं. शर्वरी कोपऱ्यात डोळे पुसत होती. निलयनं घसा साफ केला. कुणालाच दोष द्यायचा नाहीये, असं म्हणून त्यानं दिलाच. म्हणाला, काकूंचे उपाय जुने आहेत, प्रेमाचे आहेत, पण आता जमाना वेगळा आहे, तेव्हा यापुढे पितळी भांडी मशीनवर पॉलिश करून घेऊ आणि काकूंनी किल्ली मंडळात जमा करावी.

बाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. या हातांनी चाळीस वर्षांत एक वाटी खराब केली नव्हती. अन् हे कालचं पोर, ज्याला चिंचेचा कोळ आणि चहाचं पाणी यांतला फरक कळत नाही, ते प्रेमाचे उपाय म्हणतं. आणि बाकीचे? ज्यांनी आपल्याकडून नळ उजळवून घेतले, गरम कपड्यांच्या ट्रंकेत ठेवायला संत्र्याच्या वाळवलेल्या साली पिशव्या भरभरून नेल्या, ते फरशीकडे बघत बसले होते. मनोहरराव उठायला लागले, पण बाईंनी त्यांना हातानंच बसवलं.

"किल्ली देते," त्या म्हणाल्या. "आधी माझं बोलणं लाव. तू कापलेलं नको. अकरा मिनिटांचं."

निलय म्हणाला की ते फार लांब आहे. बाई म्हणाल्या की पाच दिवस आहेत, बसतो आम्ही. शेवटी त्यानं लावलं. हॉलमध्ये बाईंचा आवाज घुमायला लागला. चिंच झाली, केळं झालं, पठाणकोटचे साहेबही येऊन गेले. आणि सातव्या मिनिटाला आवाज कडक झाला: दगडाला लिंबू दाखवायचंसुद्धा नाही. संगमरवराला तर नाहीच नाही, लिंबू त्याला खातं.

 निलयचे कान लाल झाले. तो हळूच म्हणाला की चित्रात जागा नव्हती, काकू.

"जागा नव्हती," बाई म्हणाल्या. "माझ्या नावाला जागा होती. जे महत्त्वाचं ते कापलंस, अन् खाली माझं नाव लावलंस. या पोरीला रडवलंस. देवाचा चेहरा घालवलास. आणि किल्ली मागतोस माझ्याकडून?"

मग त्यांनी शर्वरीला जवळ घेऊन शेजारी बसवलं, आणि सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. अर्धं ऐकून माणसावर ठपका ठेवणारी माणसं आपल्याला या वयात बघावी लागली, असं स्पष्ट सांगितलं. हॉल त्यांच्या बाजूचा झाला होता. निलयनं माफी मागितली, किल्लीचा विषय कुणी काढला नाही. बाईंच्या मनात थंडावा पसरला, आणि तो त्यांना मनापासून आवडला.

तेवढ्यात निरोप मिळून मूर्तिकार देवरामजी आले. सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे, पिशवीत घासायचे बारीक दगड. त्यांनी मूर्तीच्या गालावर अंगठा फिरवला, खिडकीच्या उजेडात चेहरा निरखला, आणि सांगितलं की लिंबू एकदाच लागलंय, वरवरच खाल्लंय, तीन दिवस हातानं घासलं की चकाकी परत येईल. सगळ्यांनी श्वास सोडला. मग ते खाली वाकले आणि पायरीवर हात फिरवायला लागले. बाईंना राहवलं नाही. त्या म्हणाल्या की पायरीचं सोडा, ती मुळात हलक्या दगडाची आहे.

देवरामजींनी मान वर केली. हलका कसा, त्यांनी विचारलं. मूर्ती आणि पायरी एकाच दगडातून कापली आहे, सदाशिवजींनी निवडलेल्या. इतका चांगला दगड त्यानंतर मिळाला नाही. मग त्यांनी डागांवरून बोट फिरवून दाखवलं. डागाच्या कडा सरळ होत्या, घडी घातलेल्या कागदासारख्या. आणि त्यात दोन गोल, हातभर अंतरावर, परातीएवढे.

"यह भी निंबू है, बहनजी," ते म्हणाले. "एक बार का नहीं. बरसों का."

ते दोन गोल बाईंनी ओळखले. समयांच्या बैठकी. दर वर्षी चतुर्थीआधी त्या देवाच्या पुढ्यात, याच पायरीवर वर्तमानपत्र अंथरून समया घासायच्या. देवासमोर बसून घासलं की सेवा होते, म्हणून. लिंबाचं पाणी ओघळायचं, कागद भिजायचा, आणि तो ओला कागद दुपारभर दगडाला चिकटून राहायचा. कागद आहे म्हणजे दगड सुरक्षित, असं त्या धरून चालल्या होत्या. बारा वर्षं.

हॉलमध्ये आणखी कुणाला समजलं होतं की नाही, कोण जाणे. बाईंनी मान वळवली. सदाशिवराव नेहमीप्रमाणे शेवटच्या खुर्चीवर बसून चष्मा पुसत होते. बाईंना उलट सदाशिवरावांचाच राग आला.

"तुम्हाला ठाऊक होतं?" त्या म्हणाल्या. "मग एवढी वर्षं मी बोलत होते, तर तोंड का उघडलं नाहीत, सदाशिवराव?"

"उघडलं होतं, वहिनी," सदाशिवराव म्हणाले. "तिसऱ्या वर्षी. म्हटलं, समया अंगणात घासल्या तर. तुम्ही म्हणालात, दगडच हलका असला तर अंगण काय करणार. सगळे हसले. मग मी नाही बोललो."

बाईंना ते आठवलं. पुरं आठवलं, हसणारी माणसंसुद्धा. सदाशिवरावांचं वाक्य मधेच तोडून आपण किती टाळीचं बोललो, याचा त्या दिवशी घरी जाईपर्यंत त्यांना आनंद होता. हळू बोलणाऱ्या माणसाला दगडातलं काय कळतं, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. दर वर्षी, प्रत्येक नव्या माणसासमोर, हसून. सकाळी आपल्याला जे सोसवेना, ते या माणसानं इतकी वर्षं निमूट सोसलं होतं, आणि ते आपण दिलं होतं. त्यांचा संताप तसाच होता, फक्त आता त्याला जायला दुसरीकडे जागा राहिली नव्हती.

त्या उठल्या. कपाट उघडून एक समई त्यांनी काखोटीला मारली आणि दुसरी शर्वरीला घ्यायला सांगितली. दोघी अंगणात नळाजवळ मातीवर बसल्या. बाईंनी पहिलं लिंबू कापलं, मग हात थांबवून निलयला हाक मारली आणि नवीन चित्र कर म्हणाल्या. निलय लगबगीनं फोन काढून उभा राहिला.

"लिही. लिंबू पितळेला. संगमरवराला नाही, कागद घालूनसुद्धा नाही. मंडळाच्या पायरीचा दगड उत्तम आहे, सदाशिवरावांनी निवडलेला. तो मंदाकिनी मोहित्यांनी खराब केला. त्यांना तिसऱ्या वर्षीच सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही."

निलय घुटमळला. हळूच म्हणाला, "काकू, शेवटचं नको. उगाच लांब होतंय."

बाईंनी अर्धं लिंबू समईच्या बैठकीवर दाबलं आणि वर पाहिलं.

"जागा कर," त्या म्हणाल्या. "या वेळी एक शब्द कापायचा नाही."