बादशहाचं लग्नाचं अक्षर

कऱ्हाडात बादशहा एकच होऊन गेला, आणि त्याचं राज्य मंडईमागच्या दोन खोल्यांत मावत असे. पायानं चालवायचं छपाईचं एक ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरखिळ्यांचे खाने आणि दारावर स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी. बादशहा आतारचे वाडवडील अत्तर विकायचे. ह्यानं शाईचा वास धरला. नम्रपणा मात्र कधी अंगाला लावून घेतला नाही. "माझी पत्रिका न वाचता पंगतीला बसल्याला जेवान पचत न्हाई," असं तो तोंडावर सांगे.

तेही अगदीच खोटं नव्हतं. त्याच्याकडे एक टाईप होता, जाड पोटाचा आणि शेपट्या मिरवणारा. लोणंदपासून मिरजेपर्यंत त्याला 'बादशहाचं अक्षर' म्हणत. त्या अक्षरात पत्रिका नसली की मुलीचा बाप चार लोकांत जायला कचरे. बेचाळीसच्या चळवळीच्या धामधुमीत पोलिसांनी छापखान्याची झडती घेतली, तेव्हा सापडल्या त्या नुसत्या लग्नपत्रिका. त्यातली निम्मी लग्नं पुढं कुठं लागलीच नाहीत, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

लढाई संपली आणि सुभेदार लालासाहेब मिसरातून एक भली मोठी ट्रंक घेऊन परतले. आम्हाला वाटलं, घड्याळं असतील. निघाली कादंबरी. सातशे पानं, वाळवंटातल्या तंबूत बसून लिहिलेली आणि सगळी कृष्णाकाठची. सुभेदार तिकडे असताना इकडे त्यांचा बाप वारला होता. मातीला येता आलं नाही, म्हणून माणसानं ती माती कागदावर दिली होती.

बादशहानं तोवर पुस्तक म्हणून काही छापलं नव्हतं. त्यानं काही हे कुणाला सांगितलं नाही.

"सुभेदार, ही पुण्याला जायची न्हाई. कऱ्हाडची गोष्ट कऱ्हाडातच छापायची."

"छाप की. पर तुझ्या त्या लग्नाच्या अक्षरात. माझ्या थोरलीचं लगीन त्यातच झालंय."

"आता बादशहाकडं दुसरं कुठलं असनार?"

नमुन्याचं पान निघालं. सुभेदारांनीच निवडलं होतं, बापाच्या मरणाचं. बादशहानं ते दिमाखात दाराला डकवलं. तेवढ्यात हरिबा आला. हा हरिबा मंडईत भाजी-माळव्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन यायचा आणि जाता-येता दिसेल ते मोठ्यानं वाचायचा. लांबूनच त्यानं विचारलं, "कुणाचं लगीन रं, बादशहा?"

उत्तराची वाट कोण बघतो. गडी 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या चालीवर सुरूच झाला: "बा पहाटंचा गेला, घरात चूल पेटली न्हाई..." आणि शेवटी गोड हेल काढून थांबला. बाया हसल्या, हमाल हसले. खरं सांगायचं तर मीही हसलो. मग हरिबानं विचारलं, "मुहूर्त कवाचा धरलाय?"

सुभेदार पायरीवर बसले होते. हसले नाहीत. म्हणाले, "बादशहा, माझा बा मेलाय त्यात. मी जातो पुण्याला."

"जावा. पर दोन-तीन बाजार थांबा."

त्या रात्री बादशहा जेवला नाही, असं त्याच्या बायकोनं, साबेरानं, शेजारी माझ्या घरी येऊन सांगितलं. सकाळी त्यानं तेच पान छापखान्यातल्या दुसऱ्या टाईपात काढलं आणि दाराला लावलं. तो बारका, काळा, कोर्टाच्या नोटिशी छापायला ठेवलेला. हरिबानं वर बघितलं आणि आवाज खाली आणला. "जप्ती कुणाची आली?"

झालं. बादशहानं टोपी घातली आणि पुण्याची गाडी धरली. तिथल्या टाईप ओतणाऱ्या फौंड्रीतला कारकून एकेक नमुना पुढं करी, आणि हा विचारी, "हे बघून तुमास्नी कशाची याद येती?" एक बघून पोथी आठवली, एक बघून शाळेचं पुस्तक. बादशहानं सगळे बाजूला सारले.

"अहो, मग हवाय तरी कसला?"

"ज्येला बघून काय आठवत न्हाई, त्यो दावा."

"असला टाईप कोण मागतं?"

"कऱ्हाडचा बादशहा मागतोय."

असा एक सापडला. साधा, सरळ, पोट नाही, शेपटी नाही. पण लढाईपायी शिसं मिळेनासं झालं होतं. फौंड्रीवाला म्हणाला, जुने खिळे आणून घाला, तेवढ्याच वजनाचे नवे न्या. आणि सातशे पानांचं पुस्तक जुळवायचं, तर वजनाला पुरेल असा बादशहाकडे एकच जुना टाईप होता.

साबेरा दारात उभी राहिली. "आवं, आपल्या जरिना पोरीची शादी तोंडावर आलीया, आन् तुमी लग्नाचंच अक्षर वितळवाय निघाला?"

"शादी एका दिसाची. बुक राहतंय."

"मग बुकालाच सासरी धाडा."

पोती स्टेशनावर गेली. बादशहा मालडब्याकडे पाठ करून उभा होता. मुलगी सासरी जाताना बाप उभा राहतो तसा, असं मी त्याला नंतर म्हणालो, तेव्हा त्यानं मला दोन दिवस विड्याचं पान दिलं नाही.

तिसऱ्या बाजाराच्या दिवशी नवं पान दाराला लागलं. हरिबा आला आणि मोठ्यानं वाचू लागला. दोन ओळींत आवाज उतरला. मग नुसते ओठ हलत राहिले. तळाला आल्यावर त्यानं पान उचकटून मागं बघितलं. मागं कोरं.

"पुढं काय झालं?" तो म्हणाला. "त्येची आई जेवली का?"

सुभेदारांनी फेट्याच्या शेमल्यानं नाक पुसलं आणि म्हणाले, "छाप."

चार पानं जुळवायची, छापायची, मोडायची, त्याच खिळ्यांत पुढची चार जुळवायची. दीड वर्ष मशीनचा खडखडाट चालला. पुस्तक पुण्यात गेलं, तसं तिथून विचारणा आली, हे छापलं कुठं. शेवटच्या पानावर होतंच: मुद्रक, बादशहा आतार, कऱ्हाड. ते पान तो गिऱ्हाइकाला आधी दाखवी, भाव नंतर सांगे.

मधल्या काळात त्याची लग्नाची गिऱ्हाइकं साताऱ्याला पळाली. जरिनाची पत्रिका मात्र घरच्याच छापखान्यात निघाली, त्याच साध्या अक्षरात. पहिली हरिबाला. त्यानं ती मुकाट्यानं, ओठ हलवत, तळापर्यंत वाचली आणि उलटून बघितली.

"पुढं?"

"पुढं," बादशहा म्हणाला, "जेवाय यायचं."