गंजाचं समीकरण

सत्य एकच असतं, असं जाफराबादच्या आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलं होतं. गंजलेल्या कुलपाचा वास बोटांना लागला की मला ती भिंत आठवते. विज्ञानाचे सर रजेवर होते, म्हणून लोखंड आणि ऑक्सिजनपासून गंज होण्याचं समीकरण संतुलित केलेले आमचे पेपर इतिहासाच्या सरांनी तपासले. "सगळ्यांचे आकडे चार, तीन, दोन? कॉपी करून राह्यले का रे? शून्य देतो सगळ्यांना!" मी म्हणालो, "सर, त्याचं उत्तरच हे हाय." "मंग याचं अलग कसं?" माझ्या शेजाऱ्यानं आठ, सहा, चार लिहिलं होतं. इमानदारीबद्दल त्याला टाळ्या मिळाल्या, आम्हाला शून्य. माझेच आकडे त्यानं दुप्पट केले होते. आता त्याच शाळेत परीक्षेला कॉपी पकडायचं काम त्याच्याकडे आहे.