गोलकीपर हवा होता

वॉकिंग फुटबॉलमध्ये धावलं की फाउल. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी काढलेला खेळ आहे, त्यामुळे बॉल समोरून निसटत असला तरी चालतच त्याच्यामागे जायचं. माझी शुगर बघून डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या आणि मी इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या क्रीडा संकुलामागच्या टर्फवर शनिवारी सकाळी जायला लागलो. तिथे निवृत्त शिक्षक असतात, प्लंबर असतात, आणि ब्रॅकनेलच्या ऑफिसात लॅपटॉपपुढे बसून पाठ आखडलेले माझ्यासारखेही असतात.

उन्हाळ्यात आमची छोटी लीग होते. चार टीम. सगळे चांगले खेळाडू एकाच टीममध्ये जाऊ नयेत म्हणून सुरुवातीला चार कॅप्टन कॅफेत बसतात आणि आळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात. याला ते ड्राफ्ट म्हणतात. पहिल्या वर्षी मला जवळजवळ शेवटी उचललं, आणि त्यात गैर काहीच नव्हतं. पण आमच्या टीमला गोलकीपरच नव्हता. पाळीपाळीने जो दमेल तो गोलात उभा राहायचा, आणि आम्ही दर शनिवारी हरायचो. त्यामुळे दुसऱ्या वर्षी आयोजक बाईंनी कॅप्टनपद माझ्या गळ्यात मारलं तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट पक्की होती: आधी गोलकीपर.

प्रत्येक कॅप्टनला एक जोडीदार आधीच घेता येतो. मी शेजारच्या स्लाऊ गावच्या काकांना घेतलं. माझे सख्खे काका नव्हेत ते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. तरुणपणी इथे आले, ट्रेडिंग इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात राबले आणि प्रत्येक शनिवारी कुठल्या ना कुठल्या मैदानावर उभं राहून फुटबॉल बघितला. मी पुण्याहून आलो तो क्रिकेट डोक्यात घेऊन. त्यामुळे फुटबॉलचा विषय निघाला की काका माझ्याशी शाळेतल्या पोराशी बोलावं तसं बोलायचे.

"हे बघ," ड्राफ्टच्या दिवशी कॅफेत शिरताना ते म्हणाले, "तुझी पाळी आली की उरलेल्यांत जो सगळ्यात चांगला आहे तो उचल. आपल्याकडे काय नाही, काय आहे, ते नंतर बघू."

"अहो काका, पण गोलात कोण उभं राहणार?"

"कुणीतरी राहील. चांगला माणूस हातचा गेला तर परत येत नाही."

पहिल्या फेरीत फारसा प्रश्न आला नाही. दुसऱ्या फेरीत माझी पाळी आली तेव्हा दोघे समोर होते. एक स्कॉटिश माणूस, आयुष्यभर टपाल वाटून निवृत्त झालेला. त्याच्या डाव्या पायाला बॉल असा चिकटायचा की बघत राहावं. दुसरा साडेसहा फूट उंचीचा माणूस, गेल्या सीझनमध्ये लीगमधला सगळ्यात भक्कम गोलकीपर. काकांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. मी उंच माणसाचं नाव घेतलं. पुढच्या कॅप्टनने माझं वाक्य संपायच्या आत स्कॉटिशला उचललं. काकांनी चहाचा कप बाजूला सारला आणि बाकीचा ड्राफ्ट संपेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

पहिल्या शनिवारी उंच माणूस आला, सगळ्यांशी हात मिळवले आणि बूट बांधायला बसला. ग्लव्ह्ज दिसेनात.

"ग्लव्ह्ज गाडीत राहिले का?" मी विचारलं.

"नाही, देऊन टाकले," तो म्हणाला. "मी आता गोलात उभा राहत नाही."

मला वाटलं थट्टा करतोय. "पण गेल्या सीझनला तर तूच होतास!"

"म्हणूनच," तो म्हणाला आणि मिडफिल्डमध्ये जाऊन उभा राहिला.

त्या क्षणी मला आयोजक बाईंचा, त्या माणसाचा आणि स्वतःचा, सगळ्यांचाच राग आला. मॅच सुरू व्हायची शिट्टी वाजत होती आणि आमचा गोल उघडा होता. शेवटी मीच धावत गेलो, म्हणजे भराभर चालत गेलो. समोर त्याच्या टीमची खूण असलेलं नारिंगी बिब अंगावर चढवलेला स्कॉटिश होता. त्याने पहिला गोल माझ्या दोन पायांमधून घातला, आणि वर "सॉरी" म्हणाला.

मी काकांना घरी सोडत होतो, आणि ते गाडीत स्लाऊपर्यंत एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणत होते. "मी सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस. सांगितलं होतं की नाही?"

"काका, तो गोलात उभा राहणार नाही हे तुम्हाला तरी ठाऊक होतं का?"

"मला कशाला ठाऊक असायला हवं? मी त्याला घेतच नव्हतो!"

त्यांचं बरोबर होतं, आणि याचाच जास्त संताप येत होता.

पुढचे काही शनिवार मी त्या उंच माणसाची मनधरणी केली. निदान अर्धी मॅच तरी. निदान शेवटची दहा मिनिटं. तो हसून नाही म्हणायचा. मिडफिल्डमध्ये तो काही कामाचा नव्हता. बॉल अडवायचा आणि सरळ समोरच्या टीमला द्यायचा. वळायला त्याला एवढा वेळ लागायचा की तोवर खेळ दुसऱ्या टोकाला गेलेला असायचा. आणि हे सगळं करताना तो इतका खूश असायचा की मला बघवत नसे. आम्ही चार गोलांनी मागे, काका गुडघ्याला पट्टा बांधून गोलात, आणि हा टाळ्या वाजवत "छान, छान!" म्हणतोय.

एका शनिवारी हरल्यावर मी त्याला कार पार्कमध्ये गाठलंच. "तुला गोलात उभं राहायचं नव्हतं तर ड्राफ्टच्या आधी सांगायचंस ना!"

"मला कुणी विचारलं?" तो म्हणाला. चिडून नाही, अगदी साधेपणाने. मग गाडीच्या बॉनेटला टेकून त्याने सांगितलं. शाळेत तो सगळ्यांत उंच होता म्हणून मास्तरांनी गोलात उभं केलं. कामावरच्या टीममध्ये तेच. पबच्या टीममध्ये तेच. थंडीत नव्वद मिनिटं एका जागी उभं राहायचं, आणि गोल झाला की सगळ्यांनी आपल्याकडे बघायचं. "सगळ्यांना गोलकीपर हवा असतो," तो म्हणाला. "मी हवा आहे असं नसतं ते. गेल्या वर्षी बायको म्हणाली, आता कुणासाठी उभा राहतोयस?"

मी भांडायला गेलो होतो. पण नेमकं त्याच महिन्यात ऑफिसमध्ये टीमची फेरमांडणी झाली होती. मी कधीपासून नव्या प्रॉडक्टवर काम मागत होतो, आणि मॅनेजरने गोड आवाजात सांगितलं होतं की जुन्या पेमेंट सिस्टिमवर दुसरं कुणी नाही, तुझी तिथेच गरज आहे. तिथे माणूस नव्हता म्हणूनच तर मला पुण्याहून आणलं होतं, आणि मी अजून तिथेच होतो. घरी आल्यावर बायकोला मी तावातावाने हे सांगितलं होतं. त्यामुळे आता त्या माणसाशी मला भांडता येईना. राग मात्र कमी झाला नाही. त्याचं म्हणणं पटलं म्हणून आमचा गोल काही झाकला जाणार नव्हता.

त्यानंतर मी त्याला गोलाबद्दल विचारणं सोडलं. काकांना मात्र हे पटलं नाही. "अरे, गरज म्हणून घेतलास आणि आता मोकळा सोडतोस? मग घेतलास कशाला?"

"काका, आता तो विषय नको."

"नको कसा? गोलात मी उभा राहतोय!"

सीझनच्या मध्याला स्कॉटिश माणूस पाण्याची बाटली घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. त्याच्या टीममध्ये पुढे खेळणारे इतके झाले होते की त्याला अर्धा वेळ बाहेर बसावं लागत होतं, आणि बाकीचे त्याला पास देत नव्हते. तो वैतागला होता. "तू मला का नाही घेतलंस?" त्याने विचारलं. "मला वाटलं होतं, तू घेशील."

"आम्हाला गोलकीपर हवा होता," मी म्हणालो.

त्याने आमच्या गोलाकडे बघितलं. तिथे काका एका हाताने खांबाला धरून गुडघा चोळत होते. माझ्या खांद्यावर थोपटून उठला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आम्ही शेवटचे आलो. यंदा मी कॅप्टनपद नाकारलं आणि आयोजक बाईंना काकांचं नाव सुचवलं. काकांनी ते आनंदाने घेतलं, जोडीदार म्हणून मला बसवलं आणि पहिल्याच संधीला स्कॉटिशला उचललं. माझ्याकडे बघून म्हणाले, "असं करायचं असतं."

पहिली मॅच आम्ही जिंकलो. तीन गोल त्यानेच केले. काका गाडीत गुणगुणत होते. दुसऱ्या मॅचमध्ये बॉल घेऊन वळताना त्याने मांडी धरली आणि खाली बसला. हॅमस्ट्रिंग, मांडीमागचा स्नायू. फिजिओने त्याला उन्हाळाभर खेळू नको म्हणून सांगितलं.

मंगळवारी संध्याकाळी काकांचा फोन आला. "आता पुढे कोण?"

"पुढे खेळणारं दुसरं कुणी घेतलंच नाही आपण."

"गोलात?"

"गोलातही नाही."

मागे त्यांच्या टीव्हीवर कुठली तरी मॅच चालू असल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "शनिवारी पाऊस सांगितलाय का रे? मॅच तरी रद्द होईल."

मी फोनवर बघितलं. सांगितला नव्हता.