हिराजिजीचा मुका खो-खो

तुमच्या मुलीला खेळताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? बक्षीस घेताना किंवा संमेलनात नाचताना पाहिलेलं इथे धरू नका. मी विचारते आहे ते धुळीत, घामाघूम होऊन, वेणी सुटलेली असताना, ओरडत पळताना. आठवत नसेल तर लगेच मान खाली घालू नका. माझ्या वडिलांनाही आठवलं नसतं, आणि ते वाईट बाप नव्हते. त्यांची पाळी बारा तासांची होती, एवढंच.

हा प्रश्न माझा नाही. तो हिराजिजीचा आहे. गुजरातेत, उधन्याला आमच्या गल्लीच्या मागे एका बंद पडलेल्या डाईंग मिलची उंच भिंत होती आणि भिंतीला लागून मोकळी जागा. भर दुपारी त्या भिंतीच्या सावलीत ती आम्हा पोरींना खो-खो शिकवायची. पहिल्यांदा पाहणारा माणूस थबकून उभा राहायचा, कारण त्या मैदानात आवाज नव्हता. डझनभर पोरी पळताहेत, वळताहेत, पडताहेत, आणि सगळं कसं पाण्याखाली चालल्यासारखं! खो द्यायचा तो पाठीवर हात टेकवून. तोंडातून फक्त श्वास. हिराजिजीकडे शिट्टी नव्हती. मांडीवर साडी, हातात कात्री, आणि कात्रीच्या कडीला बांधलेली एक लाल चिंधी. चिंधी वर गेली की खेळ थांबायचा, खाली आली की सुरू. कोणी चुकून ओरडलीच तर ती ओठांवर बोट ठेवायची आणि म्हणायची, "हळू वं माय, हळू. बाप झोपेल शे."

कोणाचा बाप झोपलेला? तर सगळ्यांचाच. आमची गल्ली पारोळा, अमळनेर, शिरपूरकडून येऊन लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्यांची. पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी. सकाळी सातला खात्यातून, म्हणजे लूमच्या कारखान्यातून, सुटलेला माणूस अंघोळ करून, दोन भाकरी खाऊन, डोळ्यांवर ओला पंचा टाकून आडवा व्हायचा. खोली एकच. त्याच खोलीत स्टो, त्याच खोलीत माळ्यावर दप्तरं. आमची मराठी शाळा सकाळची, बाराला सुटायची. म्हणजे पोरं घरी यायची आणि बापाची झोप लागायची, ती नेमकी एकाच वेळी. पोरांनी जायचं कुठे? मुलगे रेल्वेच्या पटरीकडे पांगायचे. मुली दाराच्या उंबऱ्यावर बसून कुजबुजायच्या. मी तर वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत घरात कधी मोठ्याने हसले नव्हते.

हिराजिजीचं स्वतःचं घरही तसंच. नवरा लूमवर, ती घरी साड्यांचे धागे कापायची. मुलगा लग्न करून डिंडोलीला वेगळा राहत होता. लग्नाआधी ती शाळेच्या खो-खोच्या संघात होती, नववीत. दहावीच्या वर्षी तिचं लग्न झालं. ते ती रडगाणं म्हणून कधी सांगत नसे. एवढंच म्हणायची, "मना खांब आर्धा मैदानमाच ऱ्हायना," आणि कात्रीने टचकन धागा तोडायची.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण पुढे माझा तिच्याशी झालेला वाद येणार आहे. माझे काका कामगार संघटनेचं काम करत. आमच्या घरात पंचांग सोडून पुस्तक नव्हतं, पण पत्रकांचे गठ्ठे होते. पिवळी, गुलाबी, स्वस्त कागदाची. त्यांवरच मी वाचायला शिकले. त्यामुळे उद्गारचिन्हाशिवाय वाक्य संपतं यावर माझा बराच काळ विश्वास नव्हता. एका दुपारी मी हिराजिजीसमोर उभी राहून म्हणाले, "बारा तासांची पाळी हा गुन्हा आहे! कायदा आठ तास म्हणतो! आपण बापांना का जपायचं? शेठला जाऊन सांगायला पाहिजे!"

तिने मान वर केली. हसली नाही. "बराबर शे तुनं, नंदे. तू मोठी व्हयनी का जाय आनि सांगजो शेठले." मग कात्री खाली ठेवून म्हणाली, "पन तवलोंग तुना बापले झोपू दे. रातले डोळा लागना आनि हात लूममा गया, तर कोनतं पत्रक परत जोडी?"

आमच्याच गल्लीत बोटं तुटलेले दोघे होते.

तिचा दुसरा नियम मला पहिल्याहून जास्त छळायचा. भिंतीची सावली सरकत पलीकडच्या खांबाला टेकली की लाल चिंधी वर. मग खेळ कितीही रंगात असो, कोणी खांबावर सूर मारायच्या बेतात असो. "घर वाट दखी ऱ्हायनं. चला!" ती वेळ रातपाळीचे बाप उठायची. उठल्यापासून पाळीला निघेपर्यंतचा तो तेवढा वेळ. त्या वेळात चहा ठेवायचा, बापाला डबा भरून द्यायचा, त्याच्या शेजारी बसून शाळेतलं काहीतरी सांगायचं. एकदा आम्ही विनवण्या केल्या, "जिजी, फक्त एक डाव!" ती म्हणाली, "डाव उद्याही व्हई. बाप रोज चहा पेवाले भेटस का?" आणि पाळी बदलायच्या दिवशी, म्हणजे खाती बंद असत आणि सगळी माणसं दिवसभर घरी असत त्या दिवशी, मैदान बंद. त्या दिवशी घरोघर कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत असायचं. "तो दिन घरना," ती म्हणायची. त्यावर चर्चा नाही.

मी तेरा वर्षांची झाले त्या हिवाळ्यात जवळच्या भेस्तानच्या एका मंडळाने मुलींच्या खो-खोच्या स्पर्धा ठेवल्या. दुपारच्या सामन्यांना हिराजिजीने आमचं नाव दिलं. आम्ही धावण्यात कोणाला ऐकणाऱ्या नव्हतो. तीन वर्षं रोज पळून कसलेले पाय होते आमचे. पहिलं आक्रमण आमचं. मी पाठलाग करत गेले, चौकात बसलेल्या आमच्या मंगलच्या पाठीवर हात ठेवला, मंगल उठून सुसाट सुटली, आणि पंचांची शिट्टी. फाउल.

"खो ऐकू आला नाही," पंच म्हणाले.

पुन्हा खो, पुन्हा शिट्टी. आमच्या तोंडातून आवाजच फुटेना! हात पाठीवर टेकला की ओठ आपोआप मिटायचे. मी ठरवून, छाती भरून ओरडायला गेले तर कुजबुज बाहेर आली. प्रेक्षकांतून कोणीतरी गुजरातीत म्हणालं, "आ तो मूंगी टीम छे!" आणि हशा पिकला. फाउलवर फाउल. आम्ही हरलो, आणि ज्यांच्याकडून हरलो त्यांच्याहून दुप्पट वेगाने पळून हरलो.

परतताना मी सगळ्या रस्ताभर तिच्यावर तोफ डागली. "तू आम्हाला मुकं केलंस! आता रोज मोठ्याने सराव करायचा. झोपमोड झाली तर होऊ दे!"

हिराजिजी चालता चालता थांबली. "बापनी झोप मोडीसन कप भेटना, तर तो ठेवशी कोठे? त्याच खोलीमा ना, त्याना उशाले?" तिचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता. पुन्हा चालू लागत स्वतःशीच म्हणाली, "पन चूक मनी शे. पोरी मुक्या व्हयन्यात हाई माले दखायनं नही."

मुकी टीम हे नाव आमच्याआधी गल्लीत पोहोचलं. माझे वडील डबा घेऊन निघताना दारात म्हणाले, "बस व्हयनं आते. तेरा वरीसनी व्हयनी. लोके हसतस." झालं. एका वाक्यात माझा खो-खो संपला. आईने डबा पुढे केला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. मी पत्रकांतला एकही शब्द उच्चारला नाही. घरात मला मोठ्याने बोलताच येत नव्हतं.

त्यानंतरच्या पाळी बदलायच्या दिवशी दुपारी हिराजिजी आमच्या दारात उभी राहिली. ज्या दिवशी ती कोणाच्या घरी पाऊल टाकत नसे, त्याच दिवशी. वडील खाटेवर बसून भरीत-भाकर खात होते. लूमच्या खडखडाटाने त्यांचे कान निम्मे गेले होते, म्हणून ती जरा मोठ्याने बोलत होती.

"भाऊ, नंदाले काब्र बंद करं?"

"बठा जिजी. भाकर खावा. मोठी व्हयनी ती, आते काय उड्या मारानं वय शे?"

"मंग कवय व्हतं वय? तुमी कवय दखी तिले खेळतांना?"

"माले कोठे टाइम शे?" वडील हसले. "दिवसले झोपू का मैदानवर जाऊ?"

"तेच इचारी ऱ्हायनू. तीन वरीसमा तुमले दुपारले कोनी उठाडं का?"

वडिलांचा घास हातातच राहिला. "नही," ते म्हणाले.

"गल्लीमा इतल्या पोरी. सम्द्या मुक्या शेत का?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं; मी कोपऱ्यात लसूण सोलत होते. तीन वर्षं ज्या गाढ झोपेला ते नशीब समजत होते, ती झोप कोणी दिली होती ते त्यांना त्या क्षणी कळलं. आणि मलाही. इतके दिवस मला वाटायचं, आम्ही खेळतो म्हणून गप्प राहावं लागतं. खरं उलटं होतं. गल्ली शांत राहावी म्हणून तिने आम्हाला गोळा केलं होतं, आणि त्या गोळा केलेल्या पोरींना खेळ दिला होता.

"आजना दिन तुमना शे," ती म्हणाली. "मी मांगाले उनू. पोर एकटी नको. तुमी बी या, भाकरी बी लई या."

अशी ती प्रत्येक दारात गेली. उन्हं उतरताना मिलच्या भिंतीपाशी मी जे दृश्य पाहिलं ते आजवर कुठल्या सभेत पाहिलं नाही. बाप एका रांगेत बसलेले, कोणी बनियनवर, कोणी सणाचा शर्ट घालून. आया डबे सोडत होत्या. हिराजिजीने आम्हाला चौकात बसवलं आणि म्हणाली, "आज कोनीच झोपेल नही. जोरमा खो द्या."

आम्हाला जमेना. बाप समोर बसलेले असताना आवाज कसा काढायचा? मी मंगलच्या पाठीवर हात टेकवला आणि पुटपुटले. मंगल बसूनच राहिली. कोणी हसलंही नाही. हिराजिजी बापांच्या रांगेकडे वळली. "मनं काम नही हाई. तुमनासाठे बंद व्हयेल आवाज शे, तुमीच मोकळा करा."

मग माझे वडील उठले, कानामागे हात धरून ओरडले, "नंदे! ऐकू नही ई ऱ्हायनं!"

"खो," मी म्हणाले.

"नही!"

"खो!"

"लूम चालू शे, नंदे! लूमना वर बोल!"

आणि मग आतून कुठून तरी तो आला. "खो!" भिंतीवर आपटून परत आला. झाडावरचे कावळे उडाले. मंगल सुटली, तिने पुढे दिला, तिच्या पुढचीने पुढे, आणि ते मुकं मैदान नुसतं दणाणून गेलं. वडील तसेच उभे होते. त्यांचे डोळे भरले होते की ऊन डोळ्यांत येत होतं, मी विचारलं नाही. डाव संपल्यावर माझ्या हातात भाकरी देत ते म्हणाले, "इतला मोठा आवाज शे तुना? कोठे व्हता हाऊ, इतला दिन?"

त्यानंतर दुपारचा खेळ मुकाच राहिला. पाळी बदलायच्या दिवशी मात्र सगळी गल्ली मैदानात जेवायची आणि आम्ही घसा बसेपर्यंत ओरडायचो. पुढच्या वर्षी भेस्तानला आम्ही उपान्त्य सामन्यापर्यंत गेलो आणि तिथे हरलो. ऐकू येईल असं हरलो.

मी बारावीत असताना हिराजिजीच्या नवऱ्याचं खातं बंद झालं, शेठने लूम भंगारात विकले. नवरा-बायको गावी परत निघाले. आम्ही सगळ्या जुन्या पोरी उधना स्टेशनवर गेलो. काहींच्या कडेवर मूल होतं. भुसावळची गाडी लागली. ट्रंक चढवली, पोतं चढवलं, आणि मग बोलायला कोणाकडे काही उरलं नाही. आम्ही खाली मान घालून उभ्या. गाडी हलली तशी खिडकीतून तिचं डोकं बाहेर आलं.

"काय वं पोरीसहोन, कोन झोपेल शे आठे?"

मंगलने माझ्या पाठीवर हात टेकवला. मी ओरडले. मग सगळ्याच ओरडल्या. फलाटावरचे हमाल वळून बघत राहिले.

आज शहराच्या पलीकडच्या भागात मी लहान मुलांच्या शिकवण्या घेते. ती मुलं स्केटिंगहून कराट्याला, कराट्याहून चित्रकलेला जातात; बाप स्कूटर बंद न करता फाटकाशी सोडतो आणि बंद न करता उचलतो. त्या मुलांचीही पाळी आता बारा तासांची झाली आहे, आणि तिच्याविरुद्ध अजून कोणी पत्रक काढलेलं नाही. म्हणून हे मी काढते आहे. एकच मागणी. आज संध्याकाळी स्कूटर बंद करा. डब्यात दोन भाकरी घ्या आणि मुलगी खेळते तिथे कडेला, जमिनीवर बसा. तिला शिकवू नका, गुण मोजू नका. फक्त कानामागे हात धरा आणि तिला सांगा, ऐकू येत नाही, जरा मोठ्याने.